शिसं मोजलं कोणी?

२०१५ मधला १७.२ पीपीएमचा आकडा मला अजून खटकतो. बाराबंकीहून उचललेल्या मॅगीच्या नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेला एवढं शिसं दिसलं; मर्यादा होती २.५. जूनमध्ये देशभर बंदी आली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. कंपनीची बाजू ऐकून घेतली नव्हती आणि प्रयोगशाळांची मान्यता कायद्यात बसत नव्हती, ही त्याची कारणं. मग मोहाली, जयपूर आणि हैदराबादच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुने गेले आणि सगळे मर्यादेत निघाले. यावरून पहिला आकडा खोटा ठरत नाही, कारण नमुने वेगळे होते. तो खरा होता, हेही आता कधीच कळणार नाही. माझा राग आहे तो यावर. दहा लाखांतले दोन-तीन भाग मोजायचे तर भांडं, आम्ल, हवेतली धूळ, कशातूनही शिसं आत येऊ शकतं. म्हणून अन्न न घातलेला कोरा नमुना सोबत चालवायचा, ठाऊक असलेलं शिसं मुद्दाम मिसळून ते पुरतं परत सापडतं का ते पाहायचं. अर्सेनिकचं तर आणखी अवघड: पदार्थात मीठ असेल तर मोजणीच्या यंत्रातला आर्गॉन वायू मिठातल्या क्लोरीनशी जुळतो आणि ७५ वस्तुमानावर अर्सेनिकचं सोंग घेतो.

एवढी चिकित्सा केली तर भेसळवाले मोकळे सुटतील, असं कोणी म्हणेल. ते सुटतात ते कच्च्या अहवालामुळे. कोर्टात तो टिकत नाही. अर्थात मर्यादेत निघालेलं पाकीट मुलांना निर्धास्त द्यावं, असंही मी म्हणणार नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग २.५ला एवढं महत्त्व का, हा प्रश्न माझ्याच युक्तिवादाला अडचणीत आणतो.

नमुन्याची शिस्त पाहायची तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे पाहावं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्या फटक्याने बागायतदार पुरता सावध झाला. निर्यातीच्या प्लॉटमधला नमुना प्रयोगशाळेचा माणूस स्वतः येऊन घेतो, आणि रेसिड्यूचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय निर्यातीची काढणी होत नाही. ही तपासणी मुख्यतः कीडनाशकांची. धातूंना वेगळं यंत्र लागतं, हे मान्य. पण डाऊनी रोगावर मारलेल्या बोर्डो मिश्रणातलं तांबं असो की मसाल्याच्या पुडीतलं शिसं, नमुना कोणी, कुठून, कसा घेतला याची नोंद तशीच ठेवता येते. नाशिकच्या हातगाडीवर विकल्या जाणाऱ्या द्राक्षांसाठी ती नोंद कोणी मागत नाही, कारण माल परत पाठवायला पलीकडे युरोप नसतो.