महामार्ग सोडून आत

बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावरच्या प्रवाशाला निपाणी ठाऊक असते ती एका चहापुरती. बस थांबते, दोन घोट पोटात जातात, कंडक्टर घंटी मारतो आणि गाव मागे पडतं. सहल म्हटली की आपल्याला पन्हाळा आठवतो, विजापूर आठवतं, फार तर कित्तूर. निपाणीला सहल काढू असं कुणी म्हणत नाही. आमच्यातल्या बेळगावच्या मित्राने मात्र ते म्हटलं आणि हट्टच धरला. "पूर्ण एक दिवस. गाडी गावाबाहेर लावायची आणि पायी हिंडायचं."

संकेश्वर गेलं, हिरण्यकेशी ओलांडली आणि तवंदीचा घाट आला. घाटातलं स्तवनिधी हे जैनांचं जुनं तीर्थ. दक्षिण भारत जैन सभेची स्थापना इथलीच, 1899 सालची. शाळा, वसतिगृहं, समाजसुधारणा यांचा केवढा तरी पसारा या डोंगरातल्या देवळाजवळून सुरू झाला. घाट उतरला की खाली निपाणी दिसते. जानेवारी सरत आला होता. शिवारात तंबाखूची काढणी चालू होती. गावात शिरलो तेव्हा तो उग्र, जरासा गोडसर वास आधी भेटला, माणसं नंतर.

निपाणकरांच्या वाड्यापाशी आम्ही फार रेंगाळलो नाही. सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर हे उत्तर पेशवाईतले मोठे सरदार, दुसऱ्या बाजीरावाचे सरलष्कर. वाडा देखणा आहे, त्याची दारं, लाकूडकाम डोळ्यांत भरतं. पण सरदारांचे वाडे महाराष्ट्रात आणि सीमाभागात पुष्कळ आहेत. निपाणीचा खरा इतिहास वाड्याबाहेरच्या गल्ल्यांत आहे, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

एका गल्लीत उंबऱ्याशी एक मावशी विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने तुकडा कापायचा, चिमटीने जर्दा पसरायचा, बोटांच्या एका वळशात गुंडाळी करायची, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. विडी तयार. बघता बघता दुसरी. बोलताना त्यांची नजर आमच्याकडे होती, बोटं आपलं काम करत होती. मजुरी हजारावर मिळते, वाकडी विडी मोजणीतून बाहेर निघते. बोटांची टोकं काळपट पडून घट्ट झाली होती. "बसा की. चा पिऊन जावा," म्हणाल्या. आत कुणालातरी कानडीत चहा टाकायला सांगितलं आणि आमच्याशी पुन्हा मराठीत बोलू लागल्या. दोन्ही भाषा त्या घरात सारख्याच हक्काने वावरत होत्या.

वखारींत तंबाखू चाळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन संघटना उभारली, ही निपाणीची मोठी कमाई. धुळीने छाती भरायची, मजुरी तोकडी, मालकाच्या माणसांचा जाच वेगळाच. या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने संघटित झाल्या, रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या लढ्यावर दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटाने 1982 मध्ये 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. तो या बायकांवर आहे तसा त्यांच्यासोबतही केलेला आहे. म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

याच गावात एप्रिल 1925 मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षं दूर होता. बळवंतराव वराळे यांच्यासारखे त्यांचे निष्ठावंत सहकारी या भागाने दिले, आणि बळवंतरावांचे निपाणीत जन्मलेले नातू प्रसन्न वराळे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एका परिषदेचं पीक किती दूरवर जातं ते पाहावं.

दुपारी बाजारपेठेतून जाताना लेखक महादेव मोरे यांची आठवण निघाली. याच गावात राहून, पिठाची गिरणी चालवत त्यांनी ड्रायव्हर, मेकॅनिक, तंबाखूच्या वखारीतल्या बायका यांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 2024 मध्ये ते गेले. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळाने त्यांना द्यायला हवा होता तेवढा मान दिला नाही, याची मला खरोखर चुटपुट आहे. पुढे दस्तगीर साहेबांचा दर्गा. त्याचे संस्थापक संतबाबा महाराज चव्हाण, म्हणजे पिराचा उरूस सुरू करणारं घराणं मराठ्याचं. दर्ग्यात नारळ घेऊन आलेल्या माणसांकडे पाहून कोण कुठल्या धर्माचा ते सांगता आलं नसतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हे गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं सांगितलं, तरी ती आहे तिथेच राहिली. गावच्या पोरांचं देवचंद कॉलेज मात्र अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, असं शिकून इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या.

उन्हं कलताना आम्ही महामार्गावर आंदोलननगरला आलो. 1981 च्या मार्चमध्ये तंबाखू उत्पादक शेतकरी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी इथे ठिय्या देऊन बसले होते, बैलगाड्यांसह, बायकापोरांसह. देशाचा एवढा मोठा रस्ता आठवड्यामागून आठवडे अडलेला आणि तरीही शांत. वखारीतल्या मजूर बायकांनी या शेतकऱ्यांना साथ दिली. पिकवणारा आणि राबणारी एका बाजूला उभे राहिल्याचं असं दृश्य आपल्याकडे फार वेळा दिसलेलं नाही. 6 एप्रिलला आंदोलन मोडून काढण्यात आलं. पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. आता तिथून ट्रक आणि व्होल्वो सुसाट जातात. आमच्यातला गडहिंग्लजचा मित्र शेतकऱ्याच्या घरातला. तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होता. आम्ही त्याला हाक मारली नाही.

बेळगाव-कोल्हापूर रस्त्याने तुम्ही जाणारच आहात. एकदा निपाणीला उतरा, अख्खा दिवस काढा. दर 6 एप्रिलला आंदोलननगरात हुतात्म्यांना अभिवादन होतं. जमलं तर त्या दिवशीच या.