अकरावा चेंडू

मुलांनो, क्रिकेटमध्ये एका षटकाचे चेंडू सहा, हे तुम्हांला पाठ आहे. मग दहा चेंडू म्हणजे किती? दोन षटकंसुद्धा पुरी नाहीत! तेवढीच गोलंदाजी करून एका खेळाडूला आपल्या पहिल्यावहिल्या कसोटीत मैदान सोडावं लागलं. दिवस होता १२ ऑक्टोबर २०१८. मैदान हैदराबादचं, समोर वेस्ट इंडीजचा संघ. जांघेतला स्नायू दुखावला होता. चारच दिवसांनी त्याचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

हा खेळाडू म्हणजे पालघरचा शार्दूल ठाकूर. तसा तो आमच्याच जिल्ह्यातला. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला; त्याआधी आमचा मुरबाड तालुका नि पालघर दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होते. लहानपणी शार्दूल पाठीवर किट टाकून पहाटेच्या गाडीनं मुंबईला खेळायला जायचा. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं. रोजची दगदग वाचावी म्हणून काही काळ स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं. हॅरिस ढालीच्या सामन्यात त्यानं शाळेसाठी एका षटकात सहा षटकार मारले होते!

एवढा गुणी खेळाडू, आणि कसोटीत हाती आले दहा चेंडू. पुढे काय? उपचार, विश्रांती, व्यायाम. मग मुंबईच्या संघाकडून देशातले सामने. कसोटीतला अकरावा चेंडू टाकायला त्याला सव्वादोन वर्षं थांबावं लागलं. तो टाकला जानेवारी २०२१ मध्ये, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला. आपले बरेचसे नेहमीचे गोलंदाज दुखापतीमुळे बाहेर बसले होते. शार्दूलनं दोन डावांत मिळून ७ बळी घेतले, पहिल्या डावात ६७ धावाही केल्या. भारत ३ गडी राखून जिंकला. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर पहिल्यांदाच कसोटी हरला.

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमासारखी झाली असती, नाही? पण शरीर पुन्हा कुरकुरलं. जून २०२४ मध्ये लंडनला त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. त्यातून उठून तो पुन्हा मुंबईकडून रणजी खेळू लागला. जानेवारी २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध त्यानं ५१ आणि ११९ धावा केल्या. तरी मुंबई हरली! पुढच्याच सामन्यात त्यानं मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक घेतली. जून २०२५ मध्ये इंग्लंडला लीड्सच्या कसोटीत तो पुन्हा भारताच्या संघात होता.

ही गोष्ट मी वैशाखऱ्यात एकाला सांगितली, ती शेताच्या बांधावर बसून. आमच्याकडे भातकापणी झाली की मोकळ्या खाचरांत क्रिकेट रंगतं. माझ्या वर्गातला चौथीचा एक मुलगा त्यातला फाकडू गोलंदाज. दिवाळीच्या सुट्टीत तो चिंचेवरून पडला नि हात मोडून घेतला. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर जपून." मोठी मुलं म्हणाली, "तोवर तू बारक्यांत खेळ." झालं! स्वारी फुरंगटून बांधावर बसली. "बाई, मी काय लिंबूटिंबू आहे?"

शार्दूलचं ऐकून तो काहीच बोलला नाही. मधेच फक्त एकदा विचारलं, "त्याला परत खाली खेळायला लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "रणजी खाली नसते रे. ती वर जायची पायरी असते." दुसऱ्या दिवशी पाहते तो हा पहिलीच्या पोरांना हळू चेंडू टाकतोय, नि ती पोरं त्याला धडाधड मारताहेत! हा हसत होता.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये तर अशी रीतच आहे. तिथे मोठ्या संघांच्या हाताखाली धाकटे संघ असतात. दुखापतीतून उठलेल्या खेळाडूला आधी काही दिवस धाकट्या संघाकडून खेळवतात. चेंडू फेकणाऱ्याला त्यासाठी ३० दिवसांपर्यंत मुदत मिळते. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कारण सरळ आहे. हाड जुळलं, जखम भरली, तरी ताकद लगेच येत नाही. पळत येऊन चेंडू टाकताना गोलंदाजाच्या पुढच्या पायावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. तो पेलायला स्नायूंना पुन्हा थोडं थोडं शिकवावं लागतं. घाई केली तर तीच दुखापत पुन्हा उलटते.

आईबाबांनो, हे अभ्यासालाही लागू आहे बरं का. मूल टायफॉइडमधून उठतं, महिनाभराची शाळा बुडालेली असते, आणि पुष्कळ घरांत पहिल्याच रात्री सगळ्या वह्या उघडल्या जातात. त्यापेक्षा आधी येणारे पाढे म्हणू द्या, सोपी गणितं सोडवू द्या. "मला जमतंय" असं एकदा त्याला वाटलं, की पुढचं ते आपणहून मागेल.

आणि मुलांनो, तुमच्यातला कुणी आजारातून उठून मैदानावर आला तर त्याला चिडवू नका. त्याचा पहिला चेंडू हळूच येईल. तो येऊ द्या, नि सरळ बॅटनं खेळून काढा.