कुंकू लागलेली चित्रे

छापील चित्रे जमवणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'हे झाले छाप, मूळ चित्र कोठे आहे?' मूळ चित्रे संस्थानिकांच्या संग्रहांत गेली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारून आपला ठेवा लोकांसाठी खुला केला, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या त्या टेकडीवर जाऊन कोणालाही रविवर्म्याचा कुंचला जवळून पाहता येतो. आमच्यापाशी आहेत ते ओलिओग्राफ, तैलरंगाचा भास निर्माण करणारे शिळाछाप. तेही तिसाच्या आत. केडगावात आणि आसपासच्या दौंड-शिरूरच्या गावांत जुने वाडे उतरवले जाताना, भावाभावांत वाटण्या होताना, कधी भंगाराच्या ढिगात ते आमच्या हाती आले.

केडगावाला छपाईचे अप्रूप नसावे. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिका पाहून आलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे येथे मुक्तिसदन वसवले. तेथल्या छापखान्यात मुली खिळे जुळवायला शिकल्या आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर तेथेच छापले गेले. चित्रांची छपाई मात्र याच लोहमार्गावर, पुण्याच्या पलीकडे चालली होती. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ साली घाटकोपरला छापखाना काढला आणि काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. पुढे तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पुण्यात तर १८७८पासूनच चित्रशाळा प्रेस होता. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि एका चित्रासाठी असे कितीतरी दगड एकापाठोपाठ एक त्याच कागदावर नेमके बसवायचे, असे ते किचकट काम होते. मळवलीचा कारखाना १९७२ साली आगीत गेला. आता ती छपाई घराघरांत जे कागद उरले असतील त्यांच्यावरच पाहायची.

अमेरिकेत याच्या आधीपासून असे घडत होते. न्यूयॉर्कच्या करिअर आणि आइव्हज या पेढीने एकोणिसाव्या शतकात हजारो विषयांवरचे शिळाछाप स्वस्तात विकले : शेतघरे, आगगाड्या, हिवाळा, आगी, घोड्यांच्या शर्यती. पुढे १९३४मध्ये असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्‌स या संस्थेने नामवंत चित्रकारांचे मूळ छाप पाच डॉलरला विकायला काढले, आणि मंदीच्या दिवसांतही शिक्षक-कारकुनांच्या भिंतींवर ग्रँट वुड, टॉमस हार्ट बेंटन आले. तेथल्या वास्तववादी चित्राचा विषय गिऱ्हाइकाच्या दाराबाहेरच असे. ज्याच्या घरी ते चित्र लागे, त्याला त्यात आपले शेत किंवा आपला रस्ता ओळखू येई.

आपल्याकडचा वास्तववाद निराळ्या दाराने आत आला. छायाप्रकाश, शरीररचना, वस्त्राच्या चुण्या हे सारे युरोपीय पद्धतीचे. विषय मात्र लक्ष्मी, सरस्वती, दमयंती, शकुंतला. १८९० नंतरच्या वर्षांत हरि नारायण आपटे 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः लिहीत होते आणि मराठी कादंबरी माजघरातल्या बाईचे दुःख सांगू लागली होती. त्याच दशकात चित्रकलेने पुराणातल्या स्त्रीला लुगडे नेसवून त्याच माजघराच्या भिंतीवर आणले. साहित्याच्या अभ्यासकांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे आम्हांस वाटते. धुरंधरांसारख्या चित्रकाराने पुढे रस्त्यावरच्या, बाजारातल्या बायकाही बारकाईने रेखाटल्या. परंतु घराघरांत ज्यांना जागा मिळाली त्या देवीच होत्या.

संग्राहकाची नजर प्रथम भिंगातून पाहते. अलीकडच्या ऑफसेट नकलेत ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी दिसते. दगडावरच्या छापात ठिपके हाताने दिलेले, म्हणून अनियमित असतात. मग खालच्या पट्टीवर छापखान्याचे नाव शोधायचे. चौकटीत बसवताना ती पट्टी पुष्कळदा कापून टाकलेली असते. हे सारे शिकता येते. कठीण भाग यानंतरचा. देवीच्या कपाळावर कागद फुगलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या ओल्या बोटाने तेथे कुंकू लागलेले असते. काचेच्या आत कोणी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या असतात. खालचा भाग निरांजनाने काळवंडतो. बाजारात अशा प्रतीची किंमत उतरते, आणि जाणकार म्हणवणारे ती 'स्वच्छ' करून घेण्याचा सल्ला देतात. आम्ही एकही प्रत स्वच्छ केलेली नाही. रविवर्म्याने देवीला माणसाचे रूप दिले. त्या रूपाचे घरात पुढे काय झाले याची नोंद त्या डागाखेरीज कोठेही नाही. तो पुसला, तर उरतो तो छापखान्यातून परवाच सुटलेला कागद.

तरीही एक प्रश्न राहतोच. भीमेकाठच्या एका गावात घर उतरवायचे होते, तेव्हा तेथल्या आजींनी आम्हांस दोन तसबिरी दाखवल्या : एक हंस-दमयंतीची, दुसरी लक्ष्मीची. दोन्ही मळवलीच्या. दमयंती त्यांनी सहज काढून दिली. 'ती आपली शोभेची,' म्हणाल्या. लक्ष्मीवर हात ठेवून त्यांनी विचारले, 'बाबा, नेशील ही. पण सांजच्याला हिच्यापुढं दिवा लावशील का?'

आमच्याकडे छाप अंधारात, सपाट कप्प्यात, आम्लरहित कागदांच्या घड्यांत राहतात. उजेडाने रंग उडतो, धुराने कागद ठिसूळ होतो. तेथे दिवा लावता येत नाही. आम्ही तसे सांगितले. आजींनी मान हलवली आणि लक्ष्मी पदराने पुसून परत खुंटीला लावली. नव्या सिमेंटच्या घरातही ती आधी जाईल, मग भांडी, असे त्या म्हणाल्या.

एकाच छापखान्यातून निघालेल्या त्या दोन कागदांपैकी एक चित्र झाला होता आणि दुसरा चित्र राहिला नव्हता. हा फरक कोणत्याही दगडावर कोरलेला नसतो. तो त्या घराने रोज संध्याकाळी केलेला असतो. ज्याचे अजून चित्र झालेले नाही ते संग्रहात आणण्याचा अधिकार संग्राहकाला आहे का, याचे उत्तर आम्ही आमच्यापुरते दिले आहे. दमयंती आमच्या कप्प्यात आहे. तिच्या जोडीची लक्ष्मी आमच्या यादीत नाही. आणि ती धुराने काळवंडत असेल हे ठाऊक असूनही, ती आणावी असे आम्हांस वाटत नाही.