सावलीचं अंतर

सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. १९७३ साली तिथून मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले आणि गच्च्यागच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्या गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आमची खोली भाड्याची, गच्ची मालकांची. म्हणून आमचा अँटेना घरातच, टीव्हीच्या डोक्यावर. दोन चकचकीत दांड्यांचा.

पडद्यावर मुंग्या यायच्या, त्या सगळ्यांकडेच यायच्या. मला ओढ होती सावल्यांची. बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजवीकडे त्यांचीच एक फिकट आकृती उभी असायची. गडावरून निघालेली लहर थेट खिडकीतून आत येते. तीच दूरच्या उंच इमारतीवर आपटून, वळसा घेऊन, जरा उशिरा पोचते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ती ३०० मीटर जाते. तेवढ्यात २० इंची पडद्यावर चित्र रेखणारा किरण जेमतेम ८ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे सावली ८ मिलिमीटर सरकलेली असेल, तर वळसा ३०० मीटरचा. आणि इमारत गडाच्या दिशेशी काटकोनात असेल, तर ती घरापासूनही साधारण तेवढीच लांब. बाईंच्या खांद्याशी पट्टी धरून आपली पेठ मोजता येते! हे उमगलं तेव्हाचा आनंद अजून ताजा आहे.

सावली घालवायची कशी, ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी शिकवलं. ‘‘सगळे गडाकडे बघतात. तू इमारतीकडे बघ, बाळा.’’ आडव्या पसरलेल्या दांड्या समोरून आलेली लहर भरभरून घेतात. टोकाकडून येणारी जवळजवळ घेतच नाहीत. दांड्यांचं टोक इमारतीवर रोखलं, की चित्र किंचित फिकं होतं, पण बाई एकट्या उरतात. इमारत नेमकी गडाच्या उलट बाजूला असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे मागून येणारं अडवणारा, १९२६ साली जपानमध्ये यागी आणि उदा यांनी मांडलेला गच्चीवरचा काड्यांचा अँटेनाच हवा.

बाकी युक्त्या साध्या. अँटेना खिडकीशी आणावा, लोखंडी कपाटापासून लांब ठेवावा. दांडीला हात लावला की चित्र सुधारायचं, कारण माणसाचं शरीरही त्या लहरींत भाग घेतं. मग आजी म्हणायची, ‘‘आता तसाच थांब!’’

डिजिटल प्रसारणात उशिरा येणाऱ्या लहरीसाठी मुद्दाम उसंत राखलेली असते. तिथे सावली पडत नाही. चित्र येतं ते स्वच्छ, नाहीतर तुकडे होऊन गोठतं. मला ते स्वच्छ चित्र मनापासून आवडतं. फक्त शेजारी काय बांधलं जातंय, ते त्यात दिसत नाही. आमच्या पडद्यावर पेठेत कुठे मजला चढला की नवी सावली उमटायची, आणि आम्ही पट्टी शोधायचो.