शाह शरीफांचा दर्गा आणि भातोडीची समाधी

नगरला आपण सारेच जातो. कुणी मार्केट यार्डात कांदा घेऊन, कुणी कचेरीच्या कामाला, कुणी दवाखान्यात. काम उरकले की एसटी स्टँड गाठायचा आणि घरी परतायचे. वाचकहो, एकदा दिवसभराची सवड काढा आणि एक छोटी यात्रा करा. नगरलगत दर्गादायरा येथे शाह शरीफ यांचा दर्गा आहे, तो आधी पाहा. मग पूर्वेकडे पंधरा-वीस किलोमीटरवर असलेल्या भातोडीला जा.

माझ्या बांधाला ज्यांचा बांध आहे, त्या चाचांबरोबर मी ही यात्रा केली. पिराच्या दर्शनाला जाणे याला मुसलमान बांधव जियारत म्हणतात. तुम्ही गेलात तर चपला बाहेर काढा, हातपाय धुवा, डोक्यावर टोपी नसेल तर रुमाल बांधा. बायाबापड्यांनी कुठवर जायचे, ते तिथल्या माणसांना विचारून घ्यावे. मजारीवर फुले वाहायची आणि दोन्ही हात पसरून मनातल्या मनात मागायचे. माझ्या पुढे एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन उभी होती. तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू होते. ती कुठली, कोण, हे कुणी विचारले नाही.

याच पिराला मालोजीराजे भोसल्यांनी नवस केला होता. मालोजीराजे वेरूळचे, निजामशाहीचे सरदार. पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांची लेक. घरात सारे काही होते, पण पाळणा हलत नव्हता. नवस पावला आणि दोन मुलगे झाले. पिराचे नाव दोघांत वाटून दिले. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. हे शहाजीराजे म्हणजेच शिवाजी महाराजांचे वडील. आपण नारळ, पेढे वाहिले की नवस फिटला म्हणतो. इथे मात्र आईने लेकरांना हाक मारली की दरवेळी तो नवस फिटत होता.

आता भातोडीला चला. इथला तलाव निजामशाहीच्या काळातला. 1624 साली मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून निजामशाहीवर चालून आल्या. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तलाव फोडून पाणी शत्रूच्या अंगावर सोडले. काळ्या रानात चिखल झाला की भरल्या गाडीचे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. शत्रूची दाणादाण उडाली. शहाजीराजे आणि शरीफजी, दोघे भाऊ अंबराच्या बाजूने लढले. लढाई जिंकली, शहाजीराजांचे नाव झाले; पण शरीफजी रणात पडले. त्यांची समाधी इथेच आहे.

समाधीपुढे उभे राहिले की मन अडखळते. नवसाने मागितलेला लेक पिराच्या दारापासून इतक्या जवळ पडला. मग त्या नवसाचे काय? मी चाचांना हेच विचारले. ते म्हणाले, "पाटील, मागताना आपण हात उघडे धरतो. त्याने परत न्यायचे म्हटले तर मूठ कशी वळायची?"

भोसल्यांच्या घराने पिरावर राग धरला नाही. या लढाईनंतर सुमारे पन्नास वर्षांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कवींद्र परमानंदांनी 'शिवभारत' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात शाह शरीफांच्या नवसाची आणि त्यांच्या नावावरून ठेवलेल्या दोन नावांची नोंद आहे. नातवाच्या राज्यातही आजोबांचा नवस विसरला गेला नव्हता.

जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या. आधी दर्गा दाखवा, मग समाधी. एकाच दिवसात दोन्ही पाहिले म्हणजे शहाजी आणि शरीफजी ही नावे कुठून आली, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.