घरांनी जपलेली वाद्यं

घाटनांदूर हे परळी–विकाराबाद लोहमार्गावरचं स्टेशन. अंबाजोगाईला रेल्वे नाही, त्यामुळे योगेश्वरीच्या दर्शनाला गाडीनं येणारे कितीतरी जण इथं उतरून पुढचा रस्ता धरतात. अंबाजोगाई तालुक्याला मुकुंदराज आणि दासोपंत या संतकवींमुळे सगळा महाराष्ट्र ओळखतो. याच तालुक्यातल्या एका घरानं पखवाज उभा केला, हे मात्र गावातल्या पोरांनाही सांगावं लागतं.

*

आपेगाव म्हटलं की लोकांना पैठणजवळचं, ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव आठवतं. अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव वेगळं. शंकरबापू आपेगावकर इथले. वारकरी भजनातला मृदंग, म्हणजे हाच पखवाज, त्यांनी शास्त्रीय मैफलीत मानानं बसवला. सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तोच वारसा पुढे चालवला. एकाच घरात भजनाचा ठेका आणि धृपदाचा चौताल नांदले. दोन्हींत उच्चनीच मानायचं नाही, ही या घराची मोठी शिकवण मला वाटते.

*

पखवाज लावताना जवळ बसून बघावं. उजव्या पुडीवर शाई कायमची असते, डावीवर मात्र दर वेळी भिजवलेली कणीक थापायची. कणीक जास्त झाली तर नाद बसका होतो, कमी झाली तर पोकळ. वादक चिमूटभर काढतो, बोट ओलं करून कडा सारखी करतो, पंजा टाकून बघतो. मग गठ्ठ्यांवर हातोडी. नाद जुळेपर्यंत हात थांबत नाही. वाजवून झाल्यावर कणीक खरवडून काढायची. शिकायला आलेल्या पोराच्या हाती आधी ही कणीक द्यावी. नाद कुठून येतो ते त्याला बोटांतूनच कळतं.

*

ख्याल आला तसं धृपद मागं पडलं आणि त्याबरोबर पखवाजही. मैफल तबल्याकडे गेली. महाराष्ट्रात पखवाज तगला तो दोन आधारांवर. एक, वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे. एकोणिसाव्या शतकात इंदूर दरबारी राहून त्यांनी शिष्यांची मोठी परंपरा उभी केली. दुसरा आधार गावोगावचं भजन, कीर्तन आणि सप्ताह. राजाश्रय गेला तरी हरिनाम सप्ताहाला मृदंग लागतोच. आळंदीत आजही खेड्यापाड्यांतली मुलं मृदंग शिकायला राहतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी आधी कुणी वाजवलेलं नसतं.

*

गोंधळ्यांच्या संबळाचं नशीब तसं नाही. कमरेला बांधलेली दोन लहानमोठी भांडी, वर दोरीनं ताणलेलं कातडं, हातात दोन काठ्या, त्यांतली एक टोकाला वाकवलेली. शेजारी तुणतुणं आणि झांज. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, तेव्हा शेकून ताणावं लागतं. तुळजाभवानी, रेणुका, योगेश्वरी या देव्यांच्या भक्तांच्या दारी लग्नानंतर गोंधळ घालायचा तो गोंधळ्यांनीच. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, सगळ्या देवांना गोंधळाला या म्हणून बोलवायचं आणि मग आख्यान. संबळ बापाकडून लेकाकडे आला, आणि तो शिकायचाही त्याच घरांनी असं बाकीच्यांनी धरून चालवलं.

*

गोंधळ्यांची करपल्लवी ज्यानं पाहिली तो विसरत नाही. एक जण समोरच्या माणसाचं नाव हळूच ऐकून घेतो आणि लांबच्या साथीदाराला फक्त बोटांच्या खुणांनी कळवतो. साथीदार ते नाव मोठ्यानं सांगतो. अक्षराला खूण, खुणेला अक्षर. हे सगळं तोंडी आणि हातोहात शिकलेलं आहे. एका पिढीनं सोडलं की ते परत शिकवायला कुणी उरत नाही.

*

परभणीचे राजारामभाऊ कदम यांनी गोंधळ रंगमंचावर नेला आणि शहरी श्रोत्यांपुढे ताठ मानेनं मांडला. डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यातल्या लोककलावंतांचा आयुष्यभर अभ्यास केला. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कलावंत आणि अभ्यासक, दोघांनीही आपापली बाजू सांभाळली. ऐकणाऱ्यांची बाजू राहिली आहे.

*

सोलापूरच्या जाधव घराण्याची सुंदरी ऐकावी. सनईसारखीच, पण बरीच लहान, सूर उंच आणि टोकदार. अक्कलकोटच्या राजांनी या वाद्याला सुंदरी हे नाव दिलं, असं सांगतात. सिद्राम जाधवांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढे चिदानंद जाधव, त्यानंतर भीमण्णा जाधव. भीमण्णांनी सुंदरीवर राग मांडले, मैफली केल्या आणि मुलांनाही तयार केलं. सुंदरी म्हटलं की आजही हे एकच घर डोळ्यांपुढे येतं. घराचा हा मोठा मान आहे. वाद्याला मात्र त्यातच धोका आहे, कारण सगळा भार एका छपरावर आहे.

*

वाद्य घर जपतं, पण वाढतं ते घराबाहेर. पखवाज वाचला, कारण तो सप्ताहात शिरला आणि कोणत्याही घरातलं पोर त्याला हात लावू शकलं. सुंदरी आणि संबळ यांना ही वाट अजून पुरती मोकळी झालेली नाही. घराण्यानं आपलं काम चोख केलं आहे. कमी पडले ते आपण, ऐकणारे आणि बोलावणारे.

*

लग्नसराईत घाटनांदूरच्या रस्त्यांवर डीजेला हजारो रुपये मोजले जातात. गोंधळी मात्र रीत म्हणून बोलावतात. पाहुणे जेवणावळीत असतात, आख्यान अर्ध्यावर आवरायला सांगतात आणि बिदागीवर घासाघीस करतात. वाद्य इथं मरतं. लोक विसरण्याच्या आधी ते या घाईनं मरतं.

*

म्हणून वाचकांना विनंती. घरचा गोंधळ असेल तर तो पुरता घालू द्या आणि बसून ऐका. बिदागी आधी ठरवा आणि डीजेच्या तोडीची द्या. मोबाइलवर चित्रण केलंत तर वाजवणाऱ्याचं आणि त्याच्या गावाचं नाव त्यावर टाका. आणि घरातलं एखादं पोर, मग ते कोणत्याही जातीचं असो, मुलगा असो की मुलगी, सुट्टीत संबळ शिकायला पाठवा.