चिमण्यांची खोकी आणि सोसायटीचा रंग

माजिवडा गावठाणात आमचं कौलारू घर होतं तेव्हा चिमण्यांना घर द्यावं लागत नव्हतं. वाशाच्या सांदीत, फोटोच्या मागे, मीटरच्या खोक्यावर त्या हक्काने घुसायच्या. आई काड्या झाडून वैतागायची. आता टॉवरमध्ये राहतो. काच आणि गुळगुळीत भिंत, बोट घालायला फट नाही. चिमणी शिरणार कुठून?

म्हणून चार वर्षं लाकडी घरटी बनवतोय. प्लायचे तुकडे नकोत, पावसात फुगतात. जुन्या पॅकिंगच्या पेटीची फळी चालते. भोक सव्वा इंचाचं, फार तर दीड. मोठं ठेवलंत तर साळुंकी बळकावते. बाहेर दांडी लावू नका, ती कावळ्याच्या सोयीची. आतून रंगही नको.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस होतो. आम्हीही सेल्फी काढतो हो! पण मागच्या एप्रिलमध्ये बिल्डिंगला रंग काढला. परांची बांधताना तीन खोकी उतरवून कचऱ्यात गेली. एकात पिल्लं होती. रंगाऱ्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा.

पिल्लं साधारण पंधरा दिवसांत उडतात. तेवढे दिवस खोक्याजवळची भिंत शेवटी रंगवा, एवढंच येत्या सभेत मांडणार आहे. तुमच्या सोसायटीतही मांडा. आणि रविवारी सकाळी नवीन खोकी करतोय. फळ्या आहेत, करवत एकच आहे. येणाऱ्याने आपली आणावी.